सोवळे आणि निर्जंतुकता
(दातांच्या दवाखान्यात शिकणाऱ्या आपल्या मुलींच्या कामाचा थोडा इतिहास)

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत लेख लिहावयाचा म्हणजे मंडळाच्या कार्याचा आढावा घ्यावा, जुन्या भगिनींचे स्मरण करावे, नाही तर एखादा उपयुक्त पदार्थ सांगावा, अशी आपल्याकडे पद्धत आहे. ती चांगलीच आहे. तथापि या वेळी कार्यवाह बाईंनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, आणि मी निवडलेला विषय वाचून काही जणींना हसू येईल. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुली, आणि त्यांच्या हातून होणारे जंतुनाशाचे काम, हा तो विषय.

त्याला कारण आहे. आपल्या नाते गावातून आणि आसपासच्या वाड्यांतून हल्ली मुली बारावी झाल्या की महाडला कामाला जाऊ लागल्या आहेत. कोणी दुकानात, कोणी कचेरीत, तर कोणी दातांच्या दवाखान्यात. या शेवटच्या मुलींपैकी एकीच्या आईला मी सहज विचारले, "मुलगी काय करते?" तर त्या माउली थोड्या ओशाळून म्हणाल्या, "काय करणार बाई, डॉक्टरांची भांडी घासते." हे उत्तर माझ्या मनात राहिले. मी स्वतः परिचारिका नव्हे. आयुष्य शाळेत शिकविण्यात गेले. परंतु शिक्षकाला एक खोड असते, ती म्हणजे न समजलेली गोष्ट शोधून पाहण्याची. वाचले, विचारले, एका दवाखान्यात बसून डोळ्यांनी पाहिले, आणि जे समजले ते येथे मांडीत आहे.

प्रथम तोंडाविषयीच थोडे सांगितले पाहिजे. १६८३ साली हॉलंडमधील लेव्हेनहूक नावाच्या एका कापड व्यापाऱ्याने स्वतः घासून तयार केलेल्या भिंगाखाली आपल्या दातांवरचे किटण ठेवून पाहिले. त्या किटणात त्याला वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसले. माणसाच्या शरीरात राहणारे जंतू माणसाने पाहिले ते असे, दाताच्या मळात. पुढे १८९० साली मिलर या दंतवैद्याने तोंडातील जंतूंवर मोठा ग्रंथ लिहिला आणि दात किडण्याशी त्यांचा संबंध दाखवून दिला. सांगण्याचा मुद्दा असा की कितीही चूळ भरा, तोंड हे जंतूंचे गावच आहे. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. परंतु एकाच्या तोंडातले रक्त वा थुंकी दुसऱ्याच्या जखमेत गेली तर मात्र कठीण प्रसंग ओढवतो. आणि दाताच्या दवाखान्यात तर दर तासाला कोणाच्या तरी हिरडीला जखम होतच असते.

आपल्याकडे पूर्वी दात दुखला तर लवंग धरावी, हलत असेल तर दोरा बांधून ओढावा, अगदीच असह्य झाले तर बाजारात दात काढून देणारा बसे त्याच्याकडे जावे, हा क्रम होता. त्याचा चिमटा एकच. तो एका तोंडातून निघे आणि पाण्यात बुचकळून दुसऱ्या तोंडात जाई. त्यातून कोणाला काय झाले याची नोंद कोण ठेवणार? पाश्चात्त्य देशांतही शंभर-दीडशे वर्षांपूर्वी याहून फारसे निराळे नव्हते. १८४७ साली व्हिएन्नाच्या सूतिकागृहात सेमेलवाइस या डॉक्टरांच्या लक्षात आले की ज्या कक्षात सुईणी बाळंतपणे करीत तेथे बाळंतिणी कमी मरत, आणि जेथे शवविच्छेदन करून आलेले वैद्यकीचे विद्यार्थी बाळंतपणे करीत तेथे त्या अधिक मरत. त्यांनी सर्वांना चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवावयास लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरीही त्यांचे म्हणणे मोठ्या लोकांनी मानले नाही. विद्वानांचे हात अस्वच्छ असू शकतात, हे ऐकून घेणे कोणत्याच काळात सोपे नसते.

त्यानंतर पाश्चरने जंतूंचे शास्त्र सिद्ध केले, लिस्टरने कार्बोलिक आम्लाने शस्त्रक्रिया सुरक्षित केली, आणि पाश्चरचे सहकारी शांबरलाँ यांनी १८७९ साली दाबाखालील वाफेने जंतू मारणारे यंत्र तयार केले. हेच आजचे ऑटोक्लेव्ह. आपल्या घरातील प्रेशर कुकरचे ते भावंड होय. साधे पाणी उकळले तर शंभर अंशांवर थांबते. पण वाफ कोंडून तिचा दाब दर चौरस इंचाला पंधरा पौंडांवर नेला की उष्णता १२१ अंशांपर्यंत चढते. हा वीस-एकवीस अंशांचा फरक लहान वाटतो, परंतु धनुर्वातासारख्या रोगाचे जंतू स्वतःभोवती जे कठीण कवच करून बसतात ते उकळत्या पाण्यात खात्रीने मरत नाही. ते या दाबाच्या वाफेत मरते. म्हणून "उकळून घेतले आहे" आणि "निर्जंतुक केले आहे" ही दोन वाक्ये एक नव्हेत.

रबरी हातमोज्यांची कथा तर भगिनींनी अवश्य ऐकावी अशी आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात कॅरोलिन हॅम्प्टन नावाच्या परिचारिका शस्त्रक्रियागृहाचे काम पाहत. तेथील जंतुनाशक औषधाने त्यांच्या हातांची कातडी सोलवटून निघू लागली. १८८९-९० च्या सुमारास तेथील शल्यवैद्य हॉलस्टेड यांनी त्यांच्यासाठी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी मोजे करवून घेतले. पुढे त्या दोघांचा विवाहही झाला. मोजे प्रथम आले ते एका परिचारिकेच्या हातांना त्रास होऊ नये म्हणून; रुग्णाचेही त्याने रक्षण होते हे मागाहून ध्यानात आले.

आता दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी स्त्री केव्हा उभी राहिली ते पाहू. १८८५ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात केल्स या दंतवैद्यांनी माल्विना क्वेरिया या तरुणीला मदतनीस म्हणून नेमले. त्या काळी एकट्या स्त्रीने दंतवैद्याकडे जाणे तेथेही प्रशस्त मानीत नसत. दवाखान्यात बाई हजर असते हे कळल्यावर स्त्रिया निर्धास्तपणे येऊ लागल्या. पुढे ब्रिजपोर्ट गावच्या फोन्स यांनी १९०६ साली आपली मदतनीस आयरीन न्यूमन हिला दात स्वच्छ करण्याचे शास्त्र शिकविले आणि १९१३ साली अशा मुलींसाठी शाळाच काढली. न्यूझीलंड देशाने १९२१ साली वेलिंग्टन येथे दंतपरिचारिकांचे शिक्षण सुरू केले. पहिल्या महायुद्धाच्या भरतीत तेथील तरुणांचे दात किती वाईट आहेत हे उघड झाले होते, आणि शाळांतील मुलांचे दात या परिचारिकांनी राखावेत असा त्यामागे हेतू होता.

आपल्या देशात कलकत्त्याला डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली दंतवैद्यकाचे महाविद्यालय काढले. मुंबईस नायर इस्पितळाचे दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, दंतवैद्यांचा कायदा झाला. या कायद्याने दंतवैद्य, दात स्वच्छ करणारे हायजीनिस्ट आणि कवळ्या बनविणारे मेकॅनिक, अशा तिघांच्या नोंदवह्या ठेवण्याची व्यवस्था केली. खुर्चीशेजारी उभी राहून हत्यारे हातात देणाऱ्या, ती धुणाऱ्या, वाफेत घालणाऱ्या मुलीचे नाव मात्र त्या तीन वह्यांत नव्हते. लहान गावांतून ती बहुधा डॉक्टरांच्या पाहण्यातूनच काम शिकत आली. डॉक्टर काळजीपूर्वक असतील तर ती उत्तम शिके, निष्काळजी असतील तर निष्काळजीपणाच शिके. ज्या कामावर रुग्णाचे प्राण अवलंबून, त्या कामाचे शिक्षण असे दैवावर सोडलेले असावे, ही गोष्ट मला बोचली.

प्राण अवलंबून, हे शब्द मी विचारपूर्वक वापरले आहेत. त्यासाठी आपल्याच मुंबईतील एक जुनी हकीकत सांगते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि पुढे तो पुण्यापर्यंत आणि देशभर पसरला. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली दाखविले. सावित्रीबाईंच्या वेळी ते कोणाला ठाऊक नव्हते. सेवेला ज्ञानाची आणि संरक्षणाची जोड नसली तर सेवा करणाराच बळी पडतो, हे त्यांच्या मरणाने आपल्याला सांगितले आहे. शिकाऊ मुलीला आपण "सेवाभावाने काम कर" असा उपदेश करतो, तेव्हा तिच्या हातात मोजे आहेत की नाहीत हेही पाहिले पाहिजे.

त्याच प्लेगवर हाफकिन या शास्त्रज्ञांनी मुंबईत लस शोधली. परळच्या प्रयोगशाळेतून तिच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण पुढे धनुर्वाताने मेले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा, असे ठरवून हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. त्यांचे आयुष्य त्या आरोपाने झाकोळून गेले. परंतु पुढे चौकशीच्या कागदपत्रांतून निराळीच गोष्ट पुढे आली. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीवर धरून शुद्ध करण्याऐवजी नुसता कार्बोलिकच्या पाण्यात फिरवून पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो. सर रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन यांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. १९२५ साली त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले; आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणून ओळखतो.

भगिनींनो, एका चिमट्याची ही गोष्ट आहे. लस शोधणारा जगप्रसिद्ध होता, प्रयोगशाळा मोठी होती. पण १९ जीव गेले ते ज्याच्या हाती चिमटा होता त्याला पुरेसे शिकविलेले नव्हते म्हणून. "भांडी घासते" असे आपण ज्या कामाला म्हणतो, ते हेच काम.

शुद्धीचा विषय निघाला की महाडच्या माणसाला आणखी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. आपल्यापासून दोन-तीन कोसांवर चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन प्राशन केले. त्यानंतर काही सनातनी मंडळींनी तळे बाटले असे म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरींचा विधी करून ते "शुद्ध" केले. पुढे खटला चालला, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्य मानल्या गेलेल्या आपल्या बांधवांच्या बाजूने लागला. आता शास्त्र काय सांगते ते पाहा. माणसाच्या जातीमुळे पाणी दूषित होत नाही. शेणाने मात्र होते. ज्या धनुर्वाताने मुलकोवालला १९ जण मेले त्याचे जंतू मातीप्रमाणे जनावरांच्या शेणातही असतात. नवजात अर्भकाच्या नाळेला शेण वा राख लावण्याच्या चालीने पूर्वी आपल्या देशात किती तान्ही मुले धनुर्वाताने गेली असतील! गरोदरपणातील टोचणी आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे तो रोग इतका आटोक्यात आला की २०१५ साली भारतातून माता आणि अर्भकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे ज्याला आपण शुद्धी म्हणत होतो तीच अशुद्धी निघाली, आणि ज्याला विटाळ म्हणत होतो तो विटाळच नव्हता.

तरी आपल्या आजीचे सगळेच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. तिचे सोवळे जन्मावरून माणसाला दूर लोटीत होते तेवढे ते त्याज्य. पण उष्ट्याचा जो नियम ती पाळीत होती, तो दाताच्या दवाखान्यात आजही जसाच्या तसा चालतो. जेवताना उजवा हात उष्टा झाला की त्या हाताने वाढू नये, लोणच्याच्या बरणीला लावू नये, पाण्याच्या हंड्यात घालू नये, हे आपल्याला लहानपणी बजावलेले असते. दवाखान्यातील शिकाऊ मुलीला नेमके हेच शिकावयाचे असते.

मी ज्या दवाखान्यात बसून पाहिले, तेथे आपल्या गावची एक मुलगी शिकत होती. तिने मला फार सोप्या शब्दांत सांगितले. ती म्हणाली, "बाई, पेशंटच्या तोंडाला लागलेला मोजा म्हणजे उष्टा हात. त्या हाताने कपाटाचा खण ओढायचा नाही, पेन धरायचे नाही, मोबाइल तर मुळीच घ्यायचा नाही. खणातले काही हवे असले तर मोजा काढायचा, हात धुवायचे, मगच." मी विचारले, "आणि चार दिवसांच्या अडचणीत ग?" ती हसली आणि म्हणाली, "त्याचा इथे काही संबंध नाही, बाई. यंत्राला ते कळत नाही आणि जंतूलाही नाही." एवढ्या एका उत्तराने माझे कित्येक वर्षांचे व्याख्यान वाचले.

तिचे काम कसे चालते ते क्रमाने सांगते. रुग्ण उठला की वापरलेली हत्यारे ती जाड मोजे घालून उचलते, भिजवते आणि ब्रशाने घासते. येथे भांडी घासणे आहेच, पण ती पहिली पायरी. रक्ताचा थर तसाच राहिला तर वाफ आत पोचत नाही, म्हणून घासावयाचे. मग ती कोरडी करून कागदी पाकिटात बंद करते, त्यावर तारीख घालते आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवते. यंत्र खच्चून भरावयाचे नाही, वाफेला फिरावयास जागा हवी, इडलीपात्राचा न्याय. पाकिटावरील पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता लागली एवढेच कळते. जंतू खरोखर मेले की नाहीत हे पाहण्यासाठी वेळोवेळी जिवंत बीजाणूंची निराळी चाचणी करावी लागते. बाहेर निघालेले पाकीट ओले असेल किंवा फाटले असेल तर ते पुन्हा वाफेत घालावयाचे. २०२१ च्या जुलैत महाडची बाजारपेठ पुराखाली गेली, तेव्हा पाणी म्हणजे काय हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पुराचे सोडाच, नुसत्या ओल्या हाताने धरलेले पाकीटही विश्वासाचे राहत नाही.

दोन रुग्णांच्या मध्ये ती खुर्चीचे हात, दिव्याची मूठ, पाण्याच्या नळ्या हे सर्व पुसते आणि नळीतून काही सेकंद पाणी सोडून देते, कारण साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. कचऱ्याचे नियम तर २०१६ पासून सरकारने रंगांनुसार ठरवून दिले आहेत. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, मोजे व नळ्यांसारखे प्लास्टिक लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात, आणि सुया व पाती पांढऱ्या, न टोचता येणाऱ्या डब्यात. सुईचे टोपण दोन्ही हातांनी पुन्हा बसवू नये हा नियम तिने मला दोनदा सांगितला.

या सुईच्या नियमामागेही इतिहास आहे. १९६० नंतरच्या दशकात ब्लुमबर्ग या शास्त्रज्ञाने कावीळ 'ब' रोगाचा विषाणू ओळखण्याची वाट मोकळी केली. १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबातूनही लागतो. दंतवैद्य आणि त्यांचे मदतनीस यांना हा रोग इतरांपेक्षा अधिक होत असे, असे पुढे आढळले. १९८१ साली त्यावर लस निघाली. त्याच सुमारास एड्सचा रोग जगापुढे आला. १९९० साली अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात एका दंतवैद्याच्या रुग्णांत त्याचा विषाणू आढळला आणि सारे जग हादरले. त्याआधी बराच काळ बहुतेक दंतवैद्य उघड्या हातांनीच काम करीत असत. १९८६ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दंतवैद्यांसाठी नियम घालून दिले होते, आणि मग हळूहळू मोजे, मुखपट्टी, चष्मा ही दवाखान्याची नित्याची साधने झाली. कॅरोलिन बाईंच्या हातांसाठी निघालेला मोजा दंतवैद्याच्या हातात नित्याचा व्हावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली!

आता सर्व नियम छापील झाले, यंत्रे आली. मग धोका टळला का? नाही. २०२३ साली तमिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यात वाणियंबाडी येथील एका दातांच्या दवाखान्यात उपचार घेतलेले आठ जण मेंदूपर्यंत पोचलेल्या जंतुसंसर्गाने दगावले. हा जंतू माती आणि पाण्यात राहणारा. तज्ज्ञांनी शोध घेतला तेव्हा आढळले की जखम धुण्याच्या सलाइनची बाटली निर्जंतुक न केलेल्या एका हत्याराने उघडली जात होती, आणि सैल झाकून तीच बाटली पुन्हा पुन्हा वापरली जात होती. १९०२ मध्ये मुलकोवालला बाटली आणि चिमटा. २०२३ मध्ये वाणियंबाडीला बाटली आणि हत्यार. मध्ये एकशे एकवीस वर्षे गेली. ज्ञान वाढले, औषधे वाढली, पण बाटली उघडणाऱ्या हाताला शिकविण्याचे राहून गेले की मरण जुन्याच वाटेने येते.

म्हणून मला जे एकच सांगावयाचे आहे ते असे, की स्वच्छता ही माणसाच्या जन्मात नसते, ती त्याच्या कृतीत असते, आणि कृती शिकवावी लागते. जी मुलगी ती शिकते ती आपल्या गावाचे रक्षण करते.

शिकविण्याचे महत्त्व नात्याने तरी विसरू नये. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी आपल्या याच गावी झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री, म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो. १९५३ साली त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला. त्या नात्याने दुर्गाबाई आपल्या गावच्या सूनबाई! लहानपणी लग्न झालेल्या, ते नाकारून मोठेपणी शिकलेल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या आणि घटना परिषदेच्या सभासद झालेल्या या बाई केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. ते मंडळ २०२२ साली बंद झाले, परंतु त्याने १९५८ साली सुरू केलेले एक काम लक्षात ठेवण्याजोगे आहे. परिचारिका वा शिक्षिका व्हावयाचे तर आधी शालेय परीक्षा हवी. आणि विधवा, परित्यक्ता, शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रिया तेथेच अडत. त्यांच्यासाठी थोड्या काळात परीक्षेला बसविणारे संक्षिप्त अभ्यासक्रम निघाले. त्याआधी पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने, १९०९ पासून, अशाच स्त्रियांना हात दिला आणि लोकांची टीका सोसून मुलींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून इस्पितळात पाठविले होते. दयेपोटी काम देऊन या दोघी थांबल्या नाहीत, त्यांनी स्त्रियांना त्या कामाचे शिक्षण मिळवून दिले.

आपले मंडळ लहान आहे, पण दोन-चार गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पहिली, ज्या मुली दवाखान्यात कामाला लागतील त्यांनी कावीळ 'ब'ची लस आधी घेतली आहे ना, हे आपण पाहावे. ती तीन वेळा घ्यावयाची असते. पहिली टोचल्यावर एका महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. बालकांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ पर्यंत आली. त्यामुळे त्यापूर्वी जन्मलेल्या पुष्कळ मुलींना ती मिळालेली नाही. दुसरी, सुई टोचली तर मुलीने घाबरून लपवू नये. जखम पिळू नये, चोखू नये. साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच डॉक्टरांना सांगावे. एड्सपासून बचावाचे औषध होईल तितक्या लवकर, शक्य तर दोन तासांत, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. लपविण्यात लाज राहते पण वेळ जाते. तिसरी, मुलीला काम देणाऱ्यांनी मोजे, मुखपट्टी, चष्मा पुरवावा आणि शिकविल्याचा दाखला द्यावा, अशी विनंती पालकांनी नम्रपणे पण स्पष्टपणे करावी. यात डॉक्टरांचा अवमान नाही. मी पाहिले तेथील डॉक्टरांनी तर उलट आनंदाने सर्व दाखविले.

चौथी गोष्ट आपणा सर्वांसाठी. दाताच्या खुर्चीवर बसलो की आपण भीतीने डोळे मिटून घेतो. पुढच्या वेळी ते उघडे ठेवावेत. पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का, मोजे नवे घातले का, सलाइनची बाटली आपल्यासाठी नवी उघडली का, हे पाहावे आणि न दिसल्यास विचारावे. भाजी घेताना आपण चार वांगी उलटीसुलटी करून पाहतो; येथे तर प्रश्न जिवाचा आहे. आणि मशेरी लावणाऱ्या भगिनींना हात जोडून एवढेच सांगते, की ती तंबाखूच आहे. दात राखावयास म्हणून लावली तरी तोंड नासविणारी आहे. ती सुटली तर दवाखान्याची पायरीच कमी चढावी लागेल.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटण्यापेक्षा दात घासण्याचा ब्रश वाटावा, आणि त्या दिवशी दवाखान्यात शिकणाऱ्या आपल्या मुलींपैकी एकीला अर्धा तास बोलावयास उभे करावे, अशी सूचना मी मंडळापुढे ठेवीत आहे. हात कसे धुवावेत हे तिने करून दाखवावे आणि आपण सर्व जणींनी, वडीलधाऱ्यांनीसुद्धा, तिच्यामागून ते करावे. कार्यकारिणीने ही सूचना मान्य केल्यास ब्रशांचा खर्च वर्गणीतून कसा भागवावा याचा हिशेब मी बैठकीत मांडीन.